वस्ताद ‘घे’ म्हणाले नाहीत

सुगी आली की आमच्या खोऱ्यातली माणसं हसायला लागतात. पावसाळाभर गळक्या छपराखाली तोंड पाडून बसलेली असतात, पण एकदा भात पिवळं पडलं की त्यांच्या अंगात वारं शिरतं. कापलेल्या ओल्या भाताचा गोडसर वास, खळ्यावर पेंढ्या आपटल्याचा धप धप आवाज, उन्हं वर येईपर्यंत शेतावर बसून राहिलेलं धुकं. मलाही हे सगळं एके काळी फार आवडायचं. आता सुगी आली की मी घरच्यांवर खेकसत सुटतो. बायको म्हणते, “सुटलं बाई ह्यांचं तोंड.” या दिवसांत माझ्याशी कुणी बोलू नये, कारण मी वाईट बोलतो.

सतरा सुग्या झाल्या. नागोजी वस्ताद अशाच एका सुगीत गेले. गेले म्हणजे मी त्यांना जाऊ दिलं. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. खानापूरला मामाच्या घरी राहून चार इयत्ता शिकलो, त्याचा उपयोग गावातल्या लोकांची पत्रं लिहिण्यापलीकडे कधी झाला नाही. आज पहिल्यांदा स्वतःसाठी लिहायला बसलो आहे.

वस्ताद मूळचे खानापूरकडचे. लाकूडतोडीच्या टोळीबरोबर इकडच्या रानात आले, आणि टोळी परत गेली तेव्हा हे बायकोला घेऊन मागे राहिले. कारण विचारलं तर म्हणायचे, “हितली माती तांबडी हाय गा.” आमचं गाव म्हणजे गुंद गाव आणि काळी नदी यांच्यामधल्या रानात विखुरलेली दहा-बारा घरं. तिथं कुस्तीची तालीम काढायची म्हटल्यावर म्हातारी माणसं हसली होती. रानात अस्वल आडवं आलं तर पळायचं सोडून डाव टाकणार काय, असं ती विचारत. वस्तादही त्यांच्याबरोबर हसत, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कुदळ घेऊन कामाला लागत.

चार खांब, वर गवताचं छप्पर आणि खाली हातभर खोल माती, एवढीच आमची तालीम. माती वारुळाची. तिच्यात खडा नसतो. आमच्याकडे खळं सारवायलाही तीच वापरतात. ती खणण्याआधी वस्ताद वारुळावर तळहात टेकून उभे राहत आणि मोठ्यानं विचारत, “घेऊ काय गा?” मग थोडा वेळ थांबत. वारूळ काय बोलणार? पण ते थांबायचेच, आणि आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागं तोंडावर हात धरून हसायचो. पुढं त्या मातीत ताक, तेल आणि हळद मुरवायची, रोज सकाळी उकरायची, पायांनी सारखी करायची. त्या मातीला असा काही वास असायचा की उपाशी माणसाला अधिकच भूक लागावी. वस्ताद म्हणजे कसे, असं कुणी मला विचारलं तर मला आधी तो वास आठवतो, चेहरा नंतर.

तालमीत नियम एकच होता. समोरचा ‘घे’ म्हणाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. वस्ताद चिमूटभर माती कपाळाला लावत, मांडीवर शड्डू ठोकत आणि म्हणत, “घे.” मग खुशाल अंगावर जा, मान धरा, पाय ओढा, काहीही करा. त्याआधी मात्र बोटसुद्धा लावायचं नाही. एकदा आमच्यातल्या संतूनं चेष्टेत त्यांना मागून मिठी घालून उचललं. वस्तादांनी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते सरळ घरी गेले, आणि आठ दिवस तालीम बंद राहिली. नवव्या दिवशी माती उकरता उकरता त्यांनी सांगितलं, “ताकद हाय म्हनून कुनालाबी धरायचं न्हवं. दुस्मनाला न्हाई आन दोस्तालाबी न्हाई. आधी त्यानं घे म्हनाय पायजे.” संतू रडला. मला ते बोलणं इतकं पटलं की ते माझ्या हाडांत जाऊन बसलं. आज वाटतं, संतूसारखा मी थोडा आगाऊ असतो तर किती बरं झालं असतं.

एवढा धिप्पाड माणूस, पण जळवांना भ्यायचा. पावसात शेताच्या बांधावरून जाताना पायाला जळू चिकटली की वस्ताद एका पायावर उभे राहून हाका मारायचे, “पुंडल्या, चुना आन रं लौकर!” मी मुद्दाम सावकाश यायचो. मग चुना लावताना ते डोळे मिटून घ्यायचे. गंगाक्का, त्यांची बायको, दारात उभी राहून म्हणायची, “बगा ह्यो पैलवान!” आणि पदरात तोंड लपवून हसायची. त्या घरी मूलबाळ नव्हतं. मी शिष्य म्हणून गेलो आणि कधी त्या घरचा झालो ते माझं मलाच कळलं नाही. गंगाक्का मला तम्मा म्हणायची, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. तिच्या हातची कुळथाची पिठी आणि लाल तांदळाचा भात खाऊन माझे खांदे रुंद झाले आहेत.

वस्तादांना लिहिता येत नव्हतं. एकदा लाजत लाजत म्हणाले, माझं नाव तेवढं शिकव. मग दुपारी जेवणं झाल्यावर तालमीतल्या मातीत मी बोटानं ‘ना’ काढायचो आणि ते त्याच्यावरून बोट फिरवायचे. पण सुरुवात करण्याआधी ते माझ्याकडे पाहत थांबायचे. मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग लक्षात आलं की ते माझ्या ‘घ्या’ची वाट पाहत आहेत. इथं मी वस्ताद आणि ते पोर. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा माणूस, पण मला असा मित्र पुन्हा मिळाला नाही. ‘नागोजी’पर्यंत आम्ही पोचलो होतो. आडनाव राहिलं.

आता जे लिहायचं ते लिहितो.

पायात ताकद यावी म्हणून वस्ताद मला एक मेहनत द्यायचे. रोज सकाळी त्यांना खांद्यावर घ्यायचं आणि काळी नदीच्या उतारापर्यंत न्यायचं. दीड कोस वाट, त्यात दोन चढ आणि एक ओढा. उतारावर होडी असायची आणि पलीकडं गाडीवाट होती, सुप्याला जाणारी. तिथं पोचलो की ते खाली उतरायचे, दोघंही नदीत तोंड धुवायचो, आणि परत. सुरुवातीला पहिल्याच चढाला माझी छाती फुटायची. दोन वर्षांनी मी त्यांना घेऊन बोलत बोलत जायला लागलो. रोज निघताना ते अंगणातल्या दगडावर उभे राहत आणि म्हणत, “घे.” त्यांचं वजन माझ्या खांद्यांना इतकं ओळखीचं झालं होतं की ते आदल्या दिवशी उपाशी झोपले असतील तर मला कळायचं.

त्या सुगीत त्यांना ताप आला. आमच्या भागात पाऊस सरला की हिवताप येतोच. दर घरात एखादा कांबळं पांघरून कुडकुडत असतो. वस्तादांना कधी आला नव्हता. ते म्हणाले, अंग आंबलंय, मातीत घाला. पैलवानाचं अंग दुखलं, कसकसलं की त्याला तालमीच्या मातीत गळ्यापर्यंत पुरून झोपवायचं, घाम फुटला की काढायचं, ही आमची रीत. माझीही कणकण तिनं दोन-तीनदा गेली होती. मी खड्डा केला, त्यांना निजवलं, माती ओढली. दोन-तीन तासांनी त्यांना दरदरून घाम आला, ताप उतरला, आणि त्यांनी भाकरी मागितली. मी मनात म्हटलं, बघा मातीचा गुण. हिवतापाला घाम येतोच आणि तो उतरतोच, आणि एक दिवस सोडून परत चढतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी मातीवर जास्त विश्वास ठेवला असता.

तिसऱ्या दिवशी परत भरला. परत माती, परत घाम, परत उतार. गंगाक्का म्हणाली, सुप्याला सरकारी डॉक्टर आहे, हिवतापावर कोयनेल देतो, त्याच्याकडं न्या. वस्तादांनी नाही म्हणून मान हलवली. “कोयनेलनं पैलवानाचं रगत सुकतं,” म्हणाले. हे त्यांनी त्यांच्या वस्तादांकडून ऐकलेलं. मी हो म्हणून मुंडी हलवली. मुंडी हलवायला मी पहिल्यापासून हुशार.

पाचव्या दिवशी सकाळीच ताप चढला तो वेगळाच होता. डोळे लाल झाले होते, जीभ जड पडली होती. तरी म्हणाले, “माती घाल.” मी घातली. बाहेर गावभर कापणी चालली होती, कुणीतरी शेतात गाणं म्हणत होतं, आणि छपराखाली माझे वस्ताद गळ्यापर्यंत मातीत होते. दुपार होत आली तरी घाम येईना. ते मधेच खानापूरकडच्या कुणाला तरी हाका मारू लागले. कपाळावर हात ठेवला तर चटका बसत होता.

गंगाक्का धावत आली. “तम्मा, रोज नेतोस की रं त्यास्नी नदीवर. तसाच ने. होडी हाय, पल्याड लाकडाच्या गाड्या जात्यात. ने.”

मी उठलो. मातीत गुडघे टेकून त्यांच्या कानाशी वाकलो. “वस्ताद, सुप्याला जाऊया? उचलू काय?”

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, की छपराकडं, ते अजून कळत नाही. “माती घाल,” म्हणाले.

“वस्ताद, उचलू काय तुमास्नी?”

“न्हाई.”

मी गंगाक्काकडं बघितलं आणि म्हणालो, “न्हाई म्हनत्यात, आक्का.” नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती, मी वस्तादांच्या गेलो नव्हतो. दोघं दोन बाजूंना बसून राहिलो. मी परत विचारलं. नंतर परत. किती वेळा विचारलं असेल? प्रत्येक वेळी वाटायचं, आता म्हणतील. त्या एका अक्षरासाठी मी कान लावून बसलो होतो, आणि उन्हाची तिरीप खांबावरून सरकत मातीवर आली, त्यांच्या हनुवटीवर आली. मग ते काहीच बोलेनासे झाले. मी विचारतच होतो.

त्यांचा श्वास थांबलेला आधी गंगाक्काला कळला. मग मी विचारायचं थांबलो. माती भराभरा बाजूला केली, काखेत हात घातले आणि उचललं. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता. वजन तेच होतं. अगदी तेच. तालमीपासून अंगणातल्या त्या दगडापर्यंत वीसेक पावलं असतील, तेवढं मी त्यांना नेलं. दीड कोस सहज नेलं असतं.

गाव म्हणालं, हिवतापानं गेले. खरंच आहे. त्या साली आमच्याकडं बरीच माणसं गेली. कुणी माझ्याकडं बोट दाखवलं नाही. उलट म्हणाले, शिष्य असावा तर असा, शेवटपर्यंत शब्द मोडला नाही. बाराव्याला कुणीतरी पाठीवर थाप मारून हेच म्हणाला आणि मी पानावरून उठून रानात निघून गेलो. मी तालमीत पुन्हा पाय ठेवला नाही. संतूनं दोन-तीन वर्षं पोरं जमवायचा प्रयत्न केला, मग तोही दमला. छप्पर कुजलं, खांब वाळवीनं खाल्ले. आणि मोकळ्या राहिलेल्या त्या मातीत वाळवीनं वारूळ उभं केलं. वारुळातून आणलेली माती, तिचं परत वारूळ झालं. मी रोज शेतावर जाताना तिकडं न बघता जायचो.

गंगाक्का त्याच घरात राहिली. मी तिचं शेत करून देतो, सरपण आणून टाकतो. ती मला पेज देते, तम्मा म्हणते. सतरा वर्षांत त्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नाही, मीही नाही. तिच्या मनात काय आहे ते विचारायचं धाडस मला झालं नाही. एरवी विचारण्यात मी किती तरबेज, ते वर लिहिलंच आहे.

या सुगीच्या सुरुवातीला संतू खळं सारवायला म्हणून तालमीतल्या वारुळाची माती काढत होता. मी बांधावरून बघितलं आणि माझं डोकं फिरलं. त्याच्या हातातली कुदळ हिसकावून मी ओढ्यात फेकली. तो घाबरून म्हणाला, “अरं, आक्कानंच ने म्हनून सांगितलंय.” मी तसाच गंगाक्काच्या दारात गेलो आणि नको नको ते बोललो. वस्तादांची माती बैलांच्या पायांखाली घालायला तुला लाज कशी वाटत नाही, असंही बोललो. ती भात निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माती हाय. भात पडंल तिच्यावर. आजून काय करायचं हाय तिचं?”

मी आठ-दहा दिवस तिच्याकडं फिरकलो नाही. मग संतूची बायको सांगत आली, आक्का तापानं पडली आहे, चार दिवस झाले, कुणाला कळवू नको म्हणते.

दुपारची वेळ होती. मी गेलो तेव्हा ती चुलीजवळ कांबळं पांघरून कुडकुडत पडली होती. डोळे लाल झाले होते. ते डोळे मी ओळखले. मला बघून म्हणाली, “काय न्हाई रं. उतरंल. तू खळ्यावर जा, काम पडलंय.” मला तेव्हा काही विचार सुचला होता असं नाही. मी वाकलो, कांबळ्यासकट तिला उचललं आणि दाराबाहेर पडलो. ती ओरडली. “सोड! न्हाई जायचं मला! तम्मा, न्हाई म्हनत्ये न्हवं!” तिनं माझ्या पाठीवर मुठी मारल्या, कान ओढला. अंगणातला तो दगड आला आणि गेला. पहिला चढ आला. आता माझं वय झालं आहे, उजवा गुडघा दुखतो, पण पायांना वाट पाठ होती. ओढ्यात पाय घसरला तेवढाच. दुसऱ्या चढावर तिची बडबड थांबली आणि मी असा घाबरलो की पळायला लागलो. मोठ्यानं रडत पळत होतो. शेतातली माणसं कंबर सरळ करून बघत होती.

होडी मिळाली. पलीकडं लाकडाची गाडी मिळाली. सुप्याला डॉक्टरांनी कोयनेल दिलं, तिथंच ठेवून घेतलं, आणि पाच-सहा दिवसांनी गंगाक्का भात मागायला लागली. इतकंच होतं ते. होडी, गाडी आणि कडू पांढरी पूड. इतकंच होतं.

परवा मी तिला घरी आणलं. येताना ती होडीतून उतरून हळूहळू चालत आली, मला हात लावू दिला नाही. घरी येऊन तिनं चूल पेटवली, पेज केली. मी उंबऱ्याजवळ बसलो होतो. समोर संतूच्या खळ्यावर मळणी चालली होती. त्या लाल सारवलेल्या जमिनीवर भाताची रास पडली होती. मला वाटलं, आता ती काही बोलेल. बरं झालं असं, किंवा देव तुझं भलं करो असं काहीतरी. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो. सतरा वर्षांनी एवढं तरी मला मिळावं असं वाटत होतं.

तिनं पेजेची वाटी माझ्यापुढं ठेवली, चटणी ठेवली. समोर बसली. रागावलेली दिसत नव्हती. फक्त दमलेली होती, आणि ज्या प्रश्नाला सतरा वर्षं तोंड नव्हतं त्याला आता ते सापडलं होतं.

“तम्मा,” ती म्हणाली, “मी न्हाई न्हाई म्हनत हुते, तरी उचललंस. मला इचारलं न्हाईस.”

“न्हाई.”

“मग त्यास्नी कशापायी इचारत बसलास?”

खळ्यावर पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता. पेज निवत चालली होती, आणि ती माझ्याकडं बघत थांबली होती.